बाण, हात, काठी : कर्सर वाचायला कोण शिकवणार?

संगणकाच्या कोणत्याही क्लासमध्ये पहिल्या दिवशी काय शिकवतात ते आठवून पाहा. हा मॉनिटर, हा सीपीयू, हा कीबोर्ड. मग सीपीयूचा फुल फॉर्म, रॅमचा फुल फॉर्म, संगणकाच्या पिढ्या. मुलं वहीत उतरवून घेतात, परीक्षेत तेच विचारतात, सर्टिफिकेट मिळतं. पण पडद्यावर जी एकच गोष्ट सतत आपल्यासोबत फिरते, आपण हलवू तशी हलते आणि जागा बदलली की रूप बदलते, तिच्याबद्दल वहीत धड एक ओळ नसते. ‘हा माउसचा बाण, याला कर्सर म्हणतात’ एवढं सांगून सर पुढच्या धड्यावर जातात.

माझं म्हणणं असं आहे की संगणकाची खरी बाराखडी त्या बाणापासून सुरू होते. ती न शिकवल्याची किंमत आपली मुलं मोजतात, आणि ती किंमत कुठल्याच आकडेवारीत दिसत नाही.

गेली काही वर्षं मी खडकवासल्यातल्या एका वस्तीतल्या अभ्यासिकेत रविवारी सकाळी संगणक शिकवतो. चार जुने डेस्कटॉप आहेत, त्यातले तीन चालतात. या गावाची गंमत अशी की एका बाजूला १८७९ चं धरण आहे, जे १९६१ च्या पानशेतच्या पुरात फुटलं आणि पुन्हा बांधलं गेलं. जवळच १९१६ साली स्थापन झालेली केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था आहे, जिथं नद्यांचं आणि बंदरांचं गणित संगणकावर मांडलं जातं. पलीकडे एनडीए. आणि या सगळ्याच्या मधे आमची वस्ती, जिथल्या बायका सोसायट्यांत धुणीभांडी करतात आणि माणसं चौपाटीवर कणसं-भजी विकतात. २०२१ साली पुणे महापालिकेत जी २३ गावं आली, त्यात खडकवासलाही होतं. ग्रामपंचायत गेली. पूर्वी ओळखीच्या माणसासमोर उभं राहून तोंडी सांगता यायचं, त्यातलं बरंच आता पडद्यावर भरावं लागतं.

आता कुणी म्हणेल, हल्लीच्या पोरांना संगणक काय शिकवायचा? पाचवी-सहावीपासून मोबाइल हातात आहे, आपल्यालाच शिकवतील. इथंच खरी गोम आहे. मोबाइलवर बोट लावणं म्हणजेच काम करणं. बोट लागलं की झालं. विचारायची सोय नाही. डेस्कटॉपवर मात्र मधली एक पायरी आहे : बाण एखाद्या गोष्टीवर नेऊन नुसता थांबवायचा. काही दाबायचं नाही. तेवढ्यात पडदा सांगतो की इथं लिहिता येईल, इथं दाबता येईल, इथून ओढता येईल, इथं काहीच होणार नाही. न दाबता विचारता येणं, ही मोठी गोष्ट आहे. ज्याच्या घरी संगणक होता त्या मुलाला हे कुणी शिकवलेलं नसतं, पण त्याचा हात ते वाचायला केव्हाच शिकलेला असतो. त्यालाही विचारलं तर सांगता येणार नाही. ज्याच्या घरी नव्हता, तो आठशे रुपयांची फी भरलेल्या फॉर्मसमोर बसून ‘दाबू का नको’ म्हणत घामाघूम होतो.

मुलांना मी कर्सरची रूपं एकेक करून दाखवतो. त्यांनीच नावं पाडली आहेत : बाण, हात, काठी, चक्र, फुली.

बाणाबद्दल पहिली गोष्ट म्हणजे त्याचं सगळं शरीर दिखाऊ आहे. काम करतं ते फक्त टोक, त्या टोकाचा एक ठिपका. कित्येक मुलं, आणि मोठी माणसं तर हमखास, बाणाचं पोट बटणावर आणून दाबतात आणि ‘दादा, चालत नाही’ म्हणून ओरडतात. टोक बाहेर असतं. हाताच्या चित्रात हा ठिपका तर्जनीच्या टोकावर असतो, लिहायच्या काठीत साधारण मध्यावर. एवढं एक वाक्य पहिल्या दिवशी सांगितलं तर निम्मा वैताग वाचतो.

बाण डावीकडे कललेला का, हे एका सातवीतल्या पोरीनं विचारलं. प्रश्न चांगला आहे. डग्लस एंगलबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात अमेरिकेत माउस तयार केला. पहिला नमुना लाकडी ठोकळ्याचा होता. ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी तो जाहीरपणे चालवून दाखवला. त्यांचा बाण सरळ वर टोक केलेला होता. पुढं झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टो इथल्या प्रयोगशाळेत १९७३ साली ‘अल्टो’ नावाचा संगणक तयार झाला, त्यावर कर्सरला मिळालेली जागा होती उभे सोळा आणि आडवे सोळा ठिपके. इतक्या जाड ठिपक्यांत सरळ बाणाच्या दोन तिरक्या कडा नीट उमटत नव्हत्या. एक कड सरळ आणि दुसरी पंचेचाळीस अंशात ठेवली की बाण ओळखू यायचा. म्हणून तो कलला. पडदे सुधारले, ठिपके डोळ्याला दिसेनासे झाले, तरी बाण तसाच राहिला. त्या पोरीचं यावर म्हणणं होतं, “म्हणजे आता कारण नाय, तरी तसंच करतात.” मी हसलो. आपल्या लोकांना ही गोष्ट लवकर कळते.

हात आला तो नंतर. ॲपलच्या १९८७ मधल्या हायपरकार्ड या सॉफ्टवेअरमध्ये पत्त्यांवरून फिरताना तर्जनी पुढे केलेला हात दिसायचा, मग वेबच्या ब्राउझरांनी दुव्यासाठी तोच हात घेतला. वेबपेज बनवणाऱ्यांच्या सीएसएस या भाषेत या हाताचं नाव ‘पॉइंटर’ आहे आणि बाणाचं नाव ‘डिफॉल्ट’. आपण बोलताना बाणाला पॉइंटर म्हणतो. असा घोळ आहे, पण तो पेज बनवणाऱ्यानं निस्तरावा.

चक्राबद्दल थोडं सांगतो, कारण पैसे बुडतात ते इथं. पूर्वी विंडोजमध्ये वाळूचं घड्याळ यायचं, २००७ साली व्हिस्टा आल्यापासून निळं गोल फिरतं. नुसतं गोल फिरत असेल तर थांबा, काही दाबू नका. बाणाच्या शेजारी छोटं गोल फिरत असेल तर मागं काहीतरी चालू आहे, पण तुम्ही दुसरं काम करू शकता. हा फरक माहीत नसलेला माणूस ‘पैसे भरा’वर पाच वेळा दाबतो. मग दोनदा कापलेल्या पैशांसाठी बँकेच्या दारात उभा राहतो.

आणि काठी. लिहायच्या जागेवर बाण नेला की त्याची उभी काठी होते, इंग्रजी मोठ्या आय अक्षरासारखी. पण पडद्यावर अजून एक रेघ असते, लुकलुकणारी. अक्षर उमटतं ते त्या लुकलुकणाऱ्या रेघेजवळ. काठी तुम्ही कुठंही फिरवा, जोवर दाबत नाही तोवर लुकलुकणारी रेघ जुन्याच जागी असते. दोघींनाही क्लासमध्ये कर्सरच म्हणतात! मग मुलगा काठी आईच्या नावाच्या रकान्यात नेतो, मान खाली घालून टाइप करतो आणि वर पाहतो तर वडिलांच्या रकान्यात दोन नावं. शिकवणारा म्हणतो, ‘लक्ष नाही तुझं’. लक्ष होतं. दोन वेगळ्या वस्तूंना एकच नाव देणाऱ्यानं त्याला फसवलं.

एक उदाहरण देतो, ज्यामुळे मी हा लेख लिहायला घेतला. आमच्या अभ्यासिकेतली एक मुलगी बी.कॉम. झाली. तिच्याकडे संगणकाच्या कोर्सचं सर्टिफिकेटही होतं, मार्क चांगले. सिंहगड रोडवरच्या एका ऑफिसात डेटा एंट्रीच्या कामासाठी तिला बोलावलं. नाव सांगत नाही, त्याची गरज नाही. एक्सेल उघडून दिलं आणि सांगितलं, पहिल्या रकान्यात एक ते पाचशे आकडे घाला आणि शेजारच्या बेरजा पूर्ण करा. पोरगी बसली आणि एक, दोन, तीन, चार असं टाइप करायला लागली. एकशे चाळीसपर्यंत पोचली तेव्हा समोरचे साहेब म्हणाले, राहू द्या. घरी आल्यावर ती मला म्हणाली, “दादा, मला एक्सेल येतं. मला सगळे मेनू पाठ आहेत.” खरं होतं. तिला मेनू पाठ होते.

एक्सेलमध्ये मेनूपेक्षा कर्सर जास्त बोलतो. चौकटीवर जाड पांढरं अधिकचिन्ह दिसतं : ही चौकट निवडता येईल. निवडलेल्या चौकटीच्या कडेवर गेलात की बाणासोबत चार दिशांचे छोटे बाण दिसतात : उचलून दुसरीकडे ठेवता येईल. आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात एक इवला चौकोन असतो, नेमका त्यावर गेलात तर बारीक काळं अधिकचिन्ह येतं : आता ओढा, खालच्या चौकटी मी भरतो. एक आणि दोन लिहायचं, दोन्ही निवडायचे, कोपरा धरून पाचशेपर्यंत ओढायचं. पंधरा सेकंदांचं काम. वर रकान्यांच्या नावांच्या मधल्या रेघेवर गेलात तर दोन्हीकडे बाण असलेली उभी रेघ दिसते, तिथं दोनदा दाबलं की रकाना मजकुराएवढा रुंद होतो. ही एक खूण माहीत नसल्यामुळे चौकटीत #### दिसलं की ‘सगळा डेटा उडाला’ म्हणून रडकुंडीला आलेली माणसं मी पाहिली आहेत. डेटा जागेवर असतो, रकाना अरुंद असतो.

पांढरं अधिक, काळं अधिक, चार बाण. दोन-तीन मिलिमीटरच्या अंतरात तीन वेगळी कामं. त्या ऑफिसातल्या साहेबांनी ही खूण कुणाकडून शिकली असेल? बहुधा शेजारच्या टेबलावरच्या कुणाकडून, चहा पिता पिता. आपल्या मुलांच्या शेजारचं टेबल रिकामं असतं, प्रश्न तेवढाच आहे. आणि मुलाखतीत ‘गुणवत्ता’ म्हणून मोजली जाते ती अनेकदा ही चहा पिता पिता मिळालेली माहिती.

मित्रांनो, यावर चळवळीतलेच काही जण मला सुनावतात. अनुशेष भरला जात नाही, कंत्राटीकरण चाललंय, शिष्यवृत्त्या रखडतात, आणि तू बाणाचे आकार काय सांगत बसलास? मला हा आक्षेप मान्य नाही. अनुशेषाची लढाई लढायचीच आहे. पण उद्या जागा निघाली तर परीक्षा संगणकावर होणार आहे. २०२३ ची तलाठी भरती संगणकावरच झाली. अशा बऱ्याच परीक्षांत कीबोर्डला हात लावायची मनाई असते, उत्तर निवडणं, पुढं जाणं, उत्तर पुसणं सगळं माउसनं. वर्षभर रात्री जागून अभ्यास केलेल्या मुलानं परीक्षेच्या हॉलमध्ये आयुष्यात तिसऱ्यांदा माउस हातात धरायचा, हे आपण चालवून घ्यायचं का?

दुसऱ्या टोकाचे मित्र म्हणतात, यातही जात शोधा, बाणातही वर्चस्व आहे. तेही मला पटत नाही. बाण कुणाचीच जात पाहत नाही. त्याची भाषा शिकायची संधी कुणाला मिळाली, तिथं जात आणि पैसा दोन्ही दिसतात. एवढंच म्हणावं, जास्त ताणू नये.

फॉर्म बनवणाऱ्यांचा हिशेब मात्र वेगळा मांडायला हवा. कर्सरची भाषा ही दोन्ही बाजूंनी पाळायची असते. शासकीय कामाच्या एका पोर्टलवर मी स्वतः दोन मुलांचे अर्ज भरताना पाहिलं : बटणासारखं दिसणारं बटण, पण त्यावर नेलं तरी बाण बाणच राहतो. दाबलं की काही होतं का, ते कळत नाही. दुसरीकडे नुसत्या मजकुरावर हात येतो, दाबलं तर काहीच नाही. आणि तिसरं सगळ्यात वाईट : ‘अर्ज सादर करा’वर आडवी रेघ मारलेलं वर्तुळ. सीएसएसमध्ये या कर्सरचं नावच ‘नॉट अलाउड’ आहे. मनाई. का मनाई? ते कुठंच लिहिलेलं नाही. कुठला रकाना राहिला, कुठला कागद चुकला, काही नाही. वर सरकवत, खाली सरकवत अर्ध्या तासानं कळलं की पिन कोडनंतर एक मोकळी जागा पडली होती. शहाणा प्रोग्रामर मनाईच्या खुणेसोबत कारणाची एक ओळ लिहितो. त्याला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं त्यानं वाचवली की इकडे हजारो पोरं नेट कॅफेत शंभर-शंभर रुपये मोजतात.

कारण न सांगता ‘मनाई’ म्हणणारी खूण आपल्याला काही नवीन नाही. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात ४ ऑगस्ट १९२३ ला झाला, महाडच्या नगरपालिकेनं पुढच्या वर्षी तळं खुलं केल्याचा ठराव केला, आणि तरी ओंजळीत पाणी यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. कागदावर खुलं असणं आणि हात पोचणं यातलं अंतर आपण चांगलं ओळखतो. ‘अर्ज सर्वांसाठी ऑनलाइन उपलब्ध आहे’ हे वाक्य मी त्याच अनुभवानं वाचतो.

आता मराठीकडे येतो, कारण इथं कर्सर आणखी वेगळं वागतो आणि हे कुठल्याच क्लासमध्ये सांगत नाहीत. २००० सालाच्या आसपास मी एका डीटीपीच्या दुकानात कामाला होतो. तेव्हा जुने फॉन्ट होते, श्रीलिपीसारखे. त्यात अक्षराचे तुकडे असायचे : अर्धा स, काना, वेलांटी, सगळं सुटं. ऱ्हस्व वेलांटी आधी मारायची, मग अक्षर. लुकलुकणारी रेघ वेलांटी आणि अक्षराच्या मधेसुद्धा उभी राहायची, जणू खिळे जुळवतोय. ६ डिसेंबरची, १४ एप्रिलची किती पत्रकं मी तशी जुळवली. ती आज उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो, हे दुःख वेगळंच.

युनिकोड आल्यावर नियम बदलला. आता संगणकात आधी क असतो, मग वेलांटी, डोळ्यांना उलटं दिसलं तरी. ‘स्त्री’ हे आपल्याला एक अक्षर दिसतं, पण आत सहा खुणा आहेत : स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. वर्डमध्ये बाणाची कळ एकदा दाबली की रेघ सगळ्या ‘स्त्री’वरून उडी मारते. मधे कुठं उभीच राहत नाही. डिलीटनं पूर्ण अक्षर जातं. बॅकस्पेसनं मात्र एकेक खूण मागून गळते : आधी वेलांटी, मग र, मग हलन्त. सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये हे अगदी सारखं नसतं, पण साधारण असंच. ज्याला हे ठाऊक नाही तो जातीच्या दाखल्याच्या अर्जात एक वेलांटी दुरुस्त करायला जातो, चुकून डिलीट मारतो, अक्षर जातं, घाबरून पुन्हा लिहितो, आणि नाव शाळेच्या दाखल्यापेक्षा वेगळं होऊन बसतं. मग ती चूक निस्तरायला प्रतिज्ञापत्र. म्हणून मी मुलांना सांगतो : अक्षराच्या मागं रेघ ठेवा, बॅकस्पेसनं सोला, कांद्यासारखं. पुढून डिलीट मारू नका.

वस्तीतल्या मावश्यांची तक्रार निराळी असते. पन्नाशीच्या पुढच्या तिघी-चौघी येतात, पोरांचे फॉर्म स्वतः भरता यावेत म्हणून. त्यांना बाण सापडतच नाही. “गेला कुठं मेला?” हे वाक्य दर रविवारी ऐकतो. विंडोजच्या सेटिंगमध्ये माउसच्या पानावर एक चौकट आहे, तिच्यात खूण केली की कंट्रोल ही कळ दाबल्यावर बाणाभोवती वर्तुळं उमटतात. बाण मोठा करता येतो, रंग बदलता येतो. लुकलुकणाऱ्या रेघेला वर-खाली रंगीत गोळेही लावता येतात. आमच्या तिन्ही संगणकांवर बाण आता मोठा आणि पिवळा आहे. एका मावशीनं तो निळा करून घेतला. बरोबर आहे तिचं.

आमच्याकडे पहिला तास असा होतो : दाबायचं नाही, फक्त फिरवायचं. वही घ्यायची, जिथं रूप बदलेल तिथं थांबायचं, चित्र काढायचं, कुठं दिसलं ते लिहायचं. गेल्या महिन्यात एका पोरानं वर्डमध्ये पानाच्या डाव्या समासात बाण नेला आणि ओरडला, “दादा, हा उलटा झाला.” तिथं बाण उजवीकडे कलतो. एकदा दाबलं की पूर्ण ओळ निवडली जाते, दोनदा दाबलं की परिच्छेद, तीनदा दाबलं की सगळा मजकूर. हे त्यानं स्वतः दाबून शोधलं. तास संपायच्या आत नियम मोडला, पण मी काही बोललो नाही.

ज्यांच्या गावात, वस्तीत अभ्यासिका आहे त्यांना एक विनंती. १४ एप्रिलला आपण पुस्तकं देतो, वह्या देतो. त्यासोबत दोन वायरचे माउस द्या, दीड-दोनशे रुपयांचे. जुना लॅपटॉप देणारे भेटतात, पण टचपॅडवर बोट घासून शिकलेला मुलगा परीक्षा केंद्रात माउस धरताना अडखळतो. आणि माउस फार लवकर बिघडतात, विशेषतः डावं बटण.